भरल्या ताटावरून

पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं, आणि एकदा बसलं की शेवटची प्रार्थना होईपर्यंत कुणी उठायचं नाही. उठायची मुभा फक्त घरच्या बाईला. नाहीतर वाढणार कोण? दुसरं कुणी उठलं, तर पुढच्या नाताळपर्यंत त्या टेबलाभोवतीचं एक माणूस कमी होतं, असं डोंगरावरच्या त्या वस्तीत सगळेच मानत. मानत म्हणजे कुणी बोलून दाखवत नसे. पण जेवणाआधी सगळे मुकाट्याने मागे जाऊन येत, नाकं शिंकरून घेत, चुलीत लाकडं सारून ठेवत, आणि मगच खुर्च्या ओढत.

युस्तीना खालच्या शहरातली. तिच्या माहेरी, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, नाताळच्या जेवणातही उठबस चालूच असे. तिचे बाबा तर मासा वाढायच्या आधी बाल्कनीत जाऊन सिगारेट ओढून येत. मागच्या वर्षी ती सासरी पहिल्यांदा त्या टेबलाशी बसली, तेव्हा हान्का तीन महिन्यांची होती. सार वाढून झालं आणि आतल्या खोलीत पोर रडायला लागलं. युस्तीनाला पान्हा फुटला, झग्याचा पुढचा भाग भिजला, आणि ती उठली. व्हेंडेलने, तिच्या नवऱ्याने, तिचा हात धरेपर्यंत ती दारापाशी पोचली होती. सासरे, क्लिमेंट, तेवढे हसले. म्हणाले, "जाऊ दे तिला. ते पोर काय नियम वाचून जन्माला आलंय?"

सप्टेंबरात जंगलात झाड पाडताना ते त्याच झाडाखाली गेले.

तेव्हाही कुणी काही बोललं नाही. फक्त मयताच्या दिवशी स्वयंपाकघरात झेला आत्या, क्लिमेंटची थोरली बहीण, पाव कापता कापता पाठमोरीच म्हणाली, "गेल्या नाताळला कुणीतरी उठलं होतं."

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "झेला, पाव फार जाड कापतेयस."

बस्स. त्यावर पुढे कधी चकार शब्द नाही. सासूबाईंनी, अपोलोनियाने, युस्तीनाला दोष दिला नाही आणि दोष नाही असंही सांगितलं नाही. युस्तीनाला वाटायचं, एकदा भांडून तरी घ्यावं यांनी. पण त्या सकाळी उठून हान्कासाठी दूध कोमट करून ठेवत, तिच्या लोकरीच्या मोज्यांची जोडी चुलीवरच्या दोरीला टांगत, आणि युस्तीनाच्या मनातलं ते तसंच राहून जाई, दातात अडकलेल्या सुपारीसारखं.

म्हणून यंदा तिने दुपारपासूनच तयारी केली. चारला हान्काला पोटभर पाजलं. दोन दुपटी मांडीवर, एक खुर्चीच्या पाठीला. पाण्याची वाटी, चमचा, टोस्टचा तुकडा, तोंड पुसायचा रुमाल, सगळं हाताच्या अंतरावर. स्वतः तीन वाजल्यापासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. छप्पर कोसळलं तरी खुर्ची सोडायची नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

बाहेर पारा उणे एकोणतीसवर आला होता. खिडक्यांच्या काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या. अंगणातला नळ गोठला होता, आणि सकाळी व्हेंडेलने घोड्याच्या पाण्याच्या हौदातला बर्फ कुऱ्हाडीने फोडला तो दुपारी पुन्हा तसाच झाला.

टेबलाशी पाच माणसं. अपोलोनिया, व्हेंडेल, धाकटा दीर गाश्पर, झेला आत्या, आणि हान्काला मांडीवर घेतलेली युस्तीना. सहावं ताट रिकामं. ते दरवर्षीच असतं, वाटेवरून कुणी आलं तर त्याच्यासाठी. यंदा ते कुणाचं आहे हे सांगायची गरज नव्हती. मांडलंही होतं क्लिमेंटच्याच जागी. टेबलाच्या चारी पायांना गाश्परने रिवाजाप्रमाणे बैलाची साखळी गुंडाळली होती, घर एकत्र राहावं म्हणून.

अपोलोनियाने अंगठा मधात बुडवला आणि एकेकाच्या कपाळावर क्रूस काढत गेली. मुलांच्या, आत्याच्या. युस्तीनापाशी आली तेव्हा तिचा अंगठा जरासा जास्त टेकला, की युस्तीनाला तसं वाटलं. हान्काच्या कपाळावरचा मध ओघळून भुवईवर आला. ती जीभ वर काढून तो चाटायचा प्रयत्न करायला लागली. पोचत नव्हती तरी करत राहिली.

"हिची जीभ आत्यावर गेलीय," गाश्पर म्हणाला. "लांब."

"तुझ्या लग्नात दाखवीन तुला माझी जीभ," आत्या म्हणाली. "झालं तर लग्न."

"वहिनी, तू पोराला खुर्चीला बांधलंयस की स्वतःला?"

"दोघींना," युस्तीना म्हणाली, आणि व्हेंडेलने टेबलाखाली तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

नाताळच्या पातळ पापड्या मध आणि लसूण लावून खाऊन झाल्या. आंबवलेल्या कोबीचं सार आलं, वाळवलेली अळंबी घातलेलं, वाफाळतं. अपोलोनिया सगळ्यांना वाढून स्वतः बसली, दोन चमचे घेतले, क्लिमेंटच्या ताटाकडे पाहिलं आणि चमचा खाली ठेवला.

"नासपत्या," ती म्हणाली.

सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. वाळवलेल्या नासपत्यांचं गोड पाणी त्या घरात एकटे क्लिमेंटच पीत. त्याची बरणी जेवणाआधी तेच अंगणापलीकडच्या कोठारातून आणत आणि आपल्या खुर्चीखाली ठेवत. हे काम कुणाचं म्हणून कधी ठरलेलं नव्हतं, त्यामुळे यंदा ते कुणीच केलं नव्हतं. बरणी मात्र अपोलोनियाने नेहमीसारखी भरली होती.

"राहू दे आई," व्हेंडेल म्हणाला. "उद्या आणू."

"आणि त्यांच्या ताटात काय ठेवू? तुझं तोंड?" तिने शाल डोक्यावरून घेतली. "सार प्या, निवतंय."

घरातल्या सपाता घालूनच ती निघाली. दार उघडलं तेव्हा जमिनीलगत पांढरी वाफ आत घुसली आणि हान्काने पाय वर घेतले. युस्तीनाने सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पोर झाल्यापासून तिचं सगळं घड्याळावर चाले, कधी पाजलं, कधी झोपली, कधी शी केली. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

सार पिऊन झालं. बाहेर काहीतरी धप्प वाजलं.

"छपरावरचा बर्फ," गाश्पर म्हणाला.

"या थंडीत बर्फ नाही घसरत," व्हेंडेल म्हणाला.

"मग कोठाराचं दार. ते आपटतंच."

पाच सतरा. आत्याने पावाच्या तुकड्याने आपली वाटी पुसून घेतली. हान्काने टोस्टचा तुकडा चोखून चोखून मऊ केला आणि युस्तीनाच्या ओठांना लावला. युस्तीनाने तो खाल्ल्यासारखं केलं.

"आईंना वेळ लागतोय," ती म्हणाली.

"शोधत असेल," व्हेंडेल म्हणाला. "कोठारात दिवा नाही."

"बरणी कुठे आहे ते त्यांना डोळे मिटून सापडेल."

चुलीवर माशाचं तेल तापत होतं, त्याचा वास बदलायला लागला होता. चूल व्हेंडेलच्या पाठीमागे हातभरावर. त्याने बसल्या बसल्या मागे रेलून, हात लांबवून, चिमट्याने कढई बाजूला ओढली. खुर्चीचे पुढचे दोन पाय उचलले गेले तेव्हा आत्याचा श्वास अडकलेला सगळ्यांना ऐकू आला.

"बसलोय मी," व्हेंडेल म्हणाला. "बूड टेकलेलं आहे."

"हाक मार की तिला," आत्या म्हणाली.

व्हेंडेलने मारली. मग गाश्परने मारली, जंगलात मारतात तशी. हान्का दचकून रडायला लागली, आणि ती गप्प होईपर्यंत बाहेरून उत्तर आलं असतं तरी कळलं नसतं. ती गप्प झाल्यावर सगळ्यांनी कान दिले. थंडीने घराची लाकडं कडकडत होती, तेवढंच.

"घोड्याकडे गेली असेल," गाश्पर म्हणाला. "आज जनावरांना पापडी द्यायची असते ना."

"ती सकाळीच दिली."

पाच चोवीस.

"असं करू," गाश्पर म्हणाला, "साखळी बांधलेलीच आहे. टेबलासकट उठू सगळे आणि टेबलासकट जाऊ. ताटावरून उठलो असं होणार नाही." तो हसायला लागला आणि मधेच थांबला, कारण व्हेंडेल खरंच टेबलाकडे, मग दाराच्या रुंदीकडे बघत होता.

युस्तीनाने एकेकाकडे पाहिलं. ही तीन मोठी माणसं. त्यातले दोघे तर झाडं उचलणारे गडी. बाहेर यांची आई, बहात्तर वर्षांची, सपाता घालून गेलेली. आणि यांना उठता येत नाही. तिला त्यांचा राग आला असता, पण ती स्वतः कुठे उठत होती? मागच्या वर्षी उठली तेव्हा तिला काही माहीत नव्हतं. यंदा माहीत होतं. आणि ती हाच हिशेब पुन्हा पुन्हा करत होती: गेल्या वर्षी उठले मी, आणि गेले मामंजी. म्हणजे जो उठतो तोच जातो असंही नाही. टेबलाशी असलेलं कुणीही. तिने टेबलाभोवती पाहिलं. मग खाली पाहिलं. हान्काच्या केसांना मध लागला होता आणि ती आपल्याच बोटांकडे टक लावून बघत होती.

हे खरं नाही, तिने मनाशी म्हटलं. हे कुणालाच खरं वाटत नसणार. तरी तिचे हात पोराभोवती आवळले गेले.

"मी जाते," ती म्हणाली.

"तू बस," आत्या म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "तू तरी बस गं बाई."

"मग आत्या, तुम्ही सांगा काय करायचं."

आत्याच्या हनुवटीवर साराचा थेंब होता. ती ऐंशीची होती आणि त्या क्षणी दिसतही होती. "ती येईल," ती म्हणाली. "अपोलोनिया पंचावन्न वर्षं या अंगणात चालतेय."

व्हेंडेलच्या मुठी टेबलावर होत्या. तो दाराकडे बघत होता, एकटक, जणू नजरेने ते उघडता आलं असतं. युस्तीनाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तिला कळलं की तो उठणार नाही. भित्रा म्हणून नव्हे. त्याच्याही शेजारी तीच पोर बसली होती.

पाच वाजून पस्तीस मिनिटांनी युस्तीनाने हान्काला उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. पोराने त्याच्या सदऱ्याची गुंडी धरली. ती उठली. खुर्चीचा आवाज झाला.

दाराबाहेर श्वास घेतला तो नाकातच गोठला. अंगणात चांदण्यांचा उजेड होता. कोठाराच्या पायरीशी अपोलोनिया एका कुशीवर पडली होती. दुपारी टबात जिवंत ठेवलेला नाताळचा कार्प मासा काढल्यावर गाश्परने त्यातलं पाणी तिथेच ओतलं होतं, त्याची काच झाली होती. एक सपात दूर पडली होती. पाय मांडीपासून भलत्याच बाजूला वळलेला. बरणी मात्र तिने पोटाशी उभी धरून ठेवली होती.

"आई." युस्तीना गुडघ्यावर बसली. स्वतःच्या अंगातलं लोकरी जाकीट काढून तिच्यावर टाकलं. हाताला हात लावला तर तो लाकडासारखा लागला. अपोलोनिया थरथरतही नव्हती. "आई, हाक का नाही मारलीत?"

अपोलोनियाचे ओठ सावकाश हलले. "हाक मारली असती," ती म्हणाली, "तर तुम्ही सगळे उठला असतात."

युस्तीनाने जाकीट तिच्या हनुवटीपर्यंत ओढलं.

"मुलं हाका मारत होती. ऐकत होते मी. गाश्परचा आवाज त्यांच्यासारखाच आहे, नाही?" ती थांबली. शब्द तोंडात जड झाले होते. "मग मी म्हटलं, आपणच संपवू. प्रार्थना म्हटली मी. शेवटची. आमेनपर्यंत. दोनदा म्हटली. पहिल्यांदा मधली ओळ गाळली असं वाटलं."

"बरं केलंत."

"जेवण संपलं ते. घरच्या बाईने संपवलं की संपतं. तू उठलीस ती त्याच्यानंतर."

"हो."

"नंतरच ना?"

"नंतरच, आई."

"तसं सांग आत."

युस्तीना वळून दाराकडे ओरडली, "आईंनी प्रार्थना म्हटलीय. जेवण संपलं. या." आणि त्याच क्षणी आतून सगळ्या खुर्च्या एकदम सरकल्या.

पुढचं सगळं धावपळीत झालं, आणि त्यातलं काहीच पुरेसं नव्हतं. दोघा भावांनी आईला ब्लँकेटवर घेऊन आत आणलं. ती कण्हली नाही, आणि त्यानेच व्हेंडेलचा चेहरा पांढरा पडला. फोन फक्त फडताळाच्या कोपऱ्यात लागे. तिथे उभी राहून युस्तीनाने मदतीच्या नंबरवर सगळं सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, चोळू नका, चुलीला चिकटवू नका, हळूहळू गरम करा. गाडी लाकडाच्या वखारीपर्यंत येईल. त्यापुढे रस्ता साफ झालेला नाही. बर्फ काढायचं यंत्र दुसऱ्या खोऱ्यात आहे, कधी येईल सांगता येत नाही. वखार चार किलोमीटर खाली.

"घोडा जुंपू," गाश्पर म्हणाला.

"घोडा बर्फात पोटापर्यंत जाईल," व्हेंडेल म्हणाला. "आपण ओढू."

त्यांनी ओंडके आणायची स्लेज काढली, तिच्यावर गवत, मेंढीची कातडी, सगळ्या बिछान्यांवरच्या गाद्या. युस्तीना गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून भरत होती आणि घाईत अर्धं पाणी सांडत होतं. हान्का आत्याच्या मांडीवर बसून रडत होती. आत्या तिला थोपटत होती, तालाविना, भलतीकडेच बघत.

"मी येते," युस्तीना म्हणाली.

"आणि हिला?" व्हेंडेलने पोराकडे मान हलवली.

आत्याला पोर उचलून उभंही राहता येत नव्हतं.

गाश्पर आईच्या पायाशी कातडी खोचत होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "ते पाणी मी ओतलं होतं तिथे. टबातलं."

"माहीत आहे," अपोलोनिया डोळे न उघडता म्हणाली. "मासा चांगला होता. खाऊन जा रे दोघं."

ते न खाताच गेले. कंदील उताराच्या वळणावर दोनदा हलला आणि झाडांमागे गेला. युस्तीना आत आली, दार लावलं. टेबलावर साराच्या वाट्या, खसखशीचे गोळे, कच्चे माशाचे तुकडे पिठात घोळवून ठेवलेले. ती फडताळाच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, फोन हातात धरून. मग हान्काला कडेवर घेतलं आणि तशीच उभी राहिली. तिथून हललं तर फोन लागणार नव्हता.

"खरंच म्हटली का तिने प्रार्थना?" आत्याने विचारलं.

"म्हटली."

"सगळी?"

"दोनदा."

आत्याने मान हलवली. तिने एक वाटी दुसऱ्या वाटीत ठेवली, मग पुन्हा काढली. पोर दमून युस्तीनाच्या खांद्यावर झोपलं. त्याच्या श्वासाची ऊब मानेला लागत होती, आणि युस्तीनाला त्या उबेची लाज वाटत होती.

फोन वाजला तेव्हा पावणेसात झाले होते.

"पोचलो," व्हेंडेल म्हणाला. त्याला धाप लागली होती. "गाडीत घेतलं. बोलत नाहीये आता. काहीतरी लावलंय छातीला." मागे कुणीतरी बोलत होतं. "ऐक. डॉक्टर विचारतात, बाहेर किती वेळ होती. गाश्पर म्हणतो दहा मिनिटं. मी म्हणालो असेल तेवढंच. तुला काय वाटतं?"

युस्तीनाने आत्याकडे पाहिलं. आत्या ऐकत होती. तिने हळूच हाताचा पंजा वर केला, पाच बोटं, आणि दोनदा उघडमीट केली. दहा सांग.

"पंचवीस," युस्तीना म्हणाली. "पाच दहाला गेल्या. पाच पस्तीसला मी उठले."

तिने ऐकलं, व्हेंडेल फोनपासून तोंड फिरवून दुसऱ्या कुणाला तरी सांगत होता: पंचवीस मिनिटं. आणि त्या दुसऱ्याने विचारलं, घरात कुणी नव्हतं का? व्हेंडेल काय म्हणाला ते तिला ऐकू आलं नाही. गाडीचं दार लागलं आणि फोन बंद झाला.

आत्याने वर केलेला हात मांडीवर ठेवला.

"तू घड्याळ बघत होतीस?"

"हो."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ, आत्या," युस्तीना म्हणाली.